आधी होकार, मग दोर

चंद्रकांताचा आवाज असा होता की बोईसरच्या मासळीबाजारात अगदी शेवटचा कोपरा मिळाला तरी तिचं अडत नसे. गिऱ्हाईक आवाजाच्या मागोमाग यायचं. कारखान्यातून सुटलेले कामगार बोंबील बोटानं दाबून बघायला लागले की ती ओरडायची, "दाबके क्या देखता भैया, तेरे से जास्ती ताजा हाय!" कामगार हसायचे आणि हसता हसता घ्यायचे. तिची अर्धी पाटी अशी भांडणावर खपायची.

त्या दिवशी मात्र ती बाजारात गप्प होती. शेजारी बसणाऱ्या लाडकीला वाटलं, हिला ताप भरला. परतीच्या एस.टी.त रिकाम्या पाट्या पायाशी घेऊन दोघी बसल्या, कंडक्टर तिकिटं देऊन पुढे गेला, तेव्हा कुठे चंद्रकांतानं तोंड उघडलं.

"लाडके, मी माडी बांधते."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? घरावर. झाडावर बांधू काय?"

"नाक्याच्या घरावर?" लाडकीनं तोंडावर हात ठेवला. "अगो बाय! गाव सोडंल काय तुला?"

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची, दसऱ्याच्या तोंडावरची. आणि लाडकीनं तोंडावर हात का ठेवला ते कळायला आधी घर सांगायला हवं.

शिरसबंदर हे तारापूरच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी बसलेलं मच्छीमारांचं गाव. तिथलं नाक्याचं घर म्हणजे कोणे एके काळचा जकातनाका. तेव्हा गलबतं यायची, मिठाची, कौलांची, लाकडाची, आणि शिपाई ओट्यावर बसून जकात घ्यायचे. गलबतं बंद पडली, नाका उठला, आणि चंद्रकांताच्या नवऱ्याच्या, दादूच्या, पणजोबानं ते घर लिलावात घेतलं. दगडी जोतं, सागाचे खांब, आणि समुद्राच्या बाजूला छपराच्याही वर गेलेली तिकोनी भिंत.

गावाचा सगळा जीव त्या भिंतीत. पणजोबाच्या काळात एकदा तुफान झालं. परतणाऱ्या होड्यांना खाडीचं तोंड सापडेना. तेवढ्यात कोणाला तरी ती पांढरी भिंत दिसली आणि तिच्या मागे डोंगराची खाच दिसली. भिंतीचं टोक खाचेत धरून होड्या एकामागून एक आत शिरल्या, एकही गेली नाही. तेव्हापासून नेम पडला, टोक खाचेत बसवायचं आणि बिनघोर आत यायचं. पाऊस ओसरला की घरटी एक माणूस शिंपल्यांचा चुना घेऊन येतो आणि सगळं गाव मिळून भिंत रंगवतं. घरवाल्यांनी फक्त चहा करायचा. घर दादूचं, भिंत गावाची. चंद्रकांता लग्न होऊन आली तेव्हा सासूनं चूल दाखवायच्या आधी भिंत दाखवली होती. "हिला खिळा ठोकायचा नाय." इतक्या वर्षांत तिनं तिथे साधं कॅलेंडरही टांगलं नव्हतं.

आता पलीकडे अणुवीज केंद्राची चिमणी उभी राहिली होती. लांब समुद्रातून गाव ओळखायला तरणी पोरं चिमणीच बघायची. पण खाडीत शिरायचं म्हटलं की भिंतीशिवाय गत्यंतर नव्हतं. चिमणी गाव दाखवते, भिंत वाट दाखवते, असं म्हातारे म्हणायचे.

अशा घरावर माडी, आणि त्या भिंतीला खिडकी! चंद्रकांताला हे वेड काही हौसेनं लागलं नव्हतं.

दादू गावातला नावाजलेला तांडेल. होडीवर त्याचा शब्द चालायचा, पण त्याला शब्द फारसा लागायचाच नाही. तो होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, उभा राहून हात हलवायचा आणि खलाशी जाळं टाकायचे. पाण्याचा रंग बघून तो खाली वाळू आहे की चिखल ते सांगायचा. मग एक दिवस होडी किनाऱ्यावर ओढताना खालचा ओंडका निसटला, होडी कलंडली आणि दादूचा खुबा मोडला. पालघरच्या डॉक्टरांनी जोडला, पण दादू काठीवर चार पावलांपुरताच उरला. तरी सुरुवातीला त्याचं बरं चाललं होतं. ओट्यावर खाट टाकली होती, समोर समुद्र होता. तो खाटेवरूनच येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांना शिव्या घालायचा.

मग मच्छीमार सोसायटीनं समोरच बर्फाचं गोदाम बांधलं. गावाची मोठी सोय झाली. त्यात कोणाचा दोष नव्हता. फक्त दादूच्या डोळ्यांपुढे समुद्राच्या जागी पत्रे आले.

रोज संध्याकाळी चंद्रकांतानं डोक्यावरची पाटी उतरवली की दादूचा एकच प्रश्न असायचा, "कोन कोन आलं?" ती किनाऱ्यावरून येताना बघून आलेल्या होड्यांची नावं सांगायची. अमुक आला, तमुक अजून बाहेर आहे, आपला पोर प्रताप आला. गोदाम झाल्यावरही काही दिवस तो विचारत होता. मग एका संध्याकाळी त्यानं विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं न विचारता नावं सांगायला सुरुवात केली, तर त्यानं कूस बदलली.

चंद्रकांताला भांडण पचायचं, पण हे पचेना. ती घाबरली. भर बाजारात चारचौघांना गप्प करणारी बाई, पण घरातल्या त्या गप्पपणाला ती घाबरली. हा माणूस असाच पत्र्यांकडे बघत बघत संपणार, असं तिच्या मनानं घेतलं. आणि मग एके दिवशी बाजारात बोंबील निवडता निवडता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. छप्पर उचलायचं, वर खोली काढायची, तिकोनी भिंतीत खिडकी पाडायची. पत्र्यांच्या वरून समुद्र! तिला इतका आनंद झाला की बाजारात बोलायचंच राहून गेलं.

मुलगा प्रताप हे ऐकून आधी पांढरा पडला. "आये, भिंतीला भोक?"

"भोक नाय, खिडकी."

"गावकी काय म्हनंल?"

"ते तोंडानं म्हनतील. तोंड मलापन हाय."

सरपंचांनी सरळ सांगितलं, की पंचायतीचा शिक्का आत्ता मारतो, पण आधी गावकीचा होकार आण. गावकी म्हणजे होडीवाल्या घरांचे कारभारी, देवळासमोर बसणारे. सरकारचा कायदा गावाच्या वेशीपर्यंत, आत गावकीचा.

चंद्रकांतानं दिवस नेमका निवडला. भिंत रंगवायचा. सगळं गाव तिच्याच दारात होतं, हात चुन्यानं पांढरे झालेले. यंदा चुना जरा जास्तच जाड थापत होते. तिनं नेहमीच्या चहाबरोबर कोलिमाची, बारीक जवळ्याची, भजीही काढली. भजी खाल्लेल्या तोंडाला नाही म्हणणं जड जातं, हा तिचा हिशेब. गावकीचा पाटील चंद्रभान ओट्यावर टेकला, बाकीचे भोवती बसले, आणि एरवी बायका जिथे खांबाआड उभ्या राहतात तिथून पुढे येऊन तिनं माडीची गोष्ट काढली.

पहिला उसळला नामदेव, गावकीचा कारभारी. त्याच्या हातातलं भजं हातातच राहिलं.

"भिंतीला भोक पाडनार? सुकाण्यावरच्या मानसानं भोकाकडं बघायचं का टोकाकडं? आनि छप्पर वर उचललंस तर मागची खाच झाकली जाईल. मग आमी होड्या काय तुझ्या माडीत आनायच्या?"

सगळे हसले.

"आना न," चंद्रकांता म्हणाली, "चहा देईन."

पुन्हा हशा. पण चंद्रभान हसला नाही. तो दादूच्या होडीवर खलाशी म्हणून वाढलेला. त्यानं खाटेकडे बघितलं. दादू पत्र्यांकडे तोंड करून पडला होता, जणू हे सगळं दुसऱ्या कोणाच्या घरात चाललंय.

"वयनी," चंद्रभान म्हणाला, "तुला नाय म्हनायला माझी जीभ उचलत नाय. पर भिंत समुद्रातून कशी दिसते ते तुला काय ठाव? तू कवा समुद्रातून बघितलीस?"

झालं, विषय मिटला, असं त्याला वाटलं. कारण त्या गावात बाई होडीत चढत नसे. मासे विकेल, जाळी विणेल, होडीची पूजा करेल, पण पाय होडीत ठेवणार नाही.

"नाय बघितली," चंद्रकांता म्हणाली. "दाखवा."

नामदेवानं हातातलं भजं खाली ठेवलं.

"दाखवा म्हनते. मी बसते होडीत. माडी जेवढी होनार तेवढा बांबूचा सांगाडा घरावर उभा करते, वर शीड बांधते. तुमी आमी समुद्रातून बघू. खाच झाकली तर माडीचं नाव काढनार नाय. नाय झाकली तर होकार द्यायचा."

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. नामदेव म्हणाला, बाटेल होडी. मागून लाडकी ओरडली, "मीपन जाते! ती एकली कशी जाईल?" बायकांच्या घोळक्यातून हसू फुटलं, दोघी-तिघी टाळ्या पिटायला लागल्या. चंद्रभान आपल्याच शब्दात सापडला होता. पाटलानं सगळ्यांदेखत विचारलेला प्रश्न, त्याला मिळालेलं सरळ उत्तर. आता मागे कसा सरकणार?

"दिवाळी होऊ दे," तो शेवटी म्हणाला. "पानी शांत झालं की जाऊ."

दिवाळीभर गावात दुसरा विषय नव्हता. चंद्रकांता ओकणार की नाही यावर पोरांनी पैजा लावल्या. लाडकी येता-जाता सगळ्यांना सांगत होती की तिला मुळीच भीती वाटत नाही, त्यावरून सगळ्यांनी ओळखलं की तिची झोप उडाली आहे. प्रताप आणि त्याचे मित्र बेटेगावाकडून बांबू घेऊन आले.

सांगाडा बांधायच्या दिवशी प्रताप ओट्यावर चहा पीत होता. खाटेवरून आवाज आला.

"शीड कोनतं लावताय?"

कित्येक महिन्यांत त्यानं आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न होता. चंद्रकांता चुलीपाशी तशीच उभी राहिली, वळलीसुद्धा नाही. आपण वळलो तर हा पुन्हा गप्प होईल अशी तिला धास्ती.

"नामदेवकाकाचं मागायचं म्हनतो," प्रताप म्हणाला.

"त्याचं कशाला? माझं जुनं माळ्यावर हाय, ते काढ. आनि चंद्रभानला सांग, ओहोटी लागली की परत आत या. भरतीला काय, म्हैसपन पोहत येईल. परीक्षा घ्यायची तर खरी घ्या म्हनावं."

त्या दिवशी चंद्रकांतानं चहात साखर दोनदा घातली. कोणी तक्रार केली नाही.

ठरल्या सकाळी दोन होड्या निघाल्या. पुढच्या होडीत चंद्रभान सुकाण्यावर, दोन खलाशी, आणि मध्ये फळीला घट्ट धरून चंद्रकांता आणि लाडकी. मागच्या होडीत नामदेव सुकाण्यावर आणि बाकीची सगळी गावकी. चंद्रकांतानं आधी नारळ वाढवला, होडीला हात लावून कपाळाला लावला, आणि मग कासोटा घट्ट करून चढली. किनाऱ्यावर अख्खं गाव उभं होतं. इतकी वर्षं ती त्या गर्दीत उभी राहून होड्यांना निरोप देत आली होती. आज गर्दी तिला निरोप देत होती.

इंजिनाची फटफट सुरू झाली, खाडीचं तोंड मागे पडलं, आणि होडी पहिल्या लाटेवर चढली. लाडकी डोळे मिटून देवाचं नाव घेत होती.

"डोळे उघड गो!" चंद्रकांता ओरडली. "बघ तरी, आपलं गाव बघ!"

गाव एवढंसं झालं होतं. नारळी, देऊळ, गोदामाचे पत्रे. आणि त्या सगळ्यात एकच गोष्ट अशी होती की डोळा दुसरीकडे जाईचना, पांढरी शुभ्र तिकोनी भिंत. तिनं तिच्या आड स्वयंपाक केला होता, बाळंत झाली होती, सासूला शेवटचं पाणी पाजलं होतं. आपण इतकी वर्षं कशाच्या पोटात राहत होतो ते तिला आज दिसलं. तिला अभिमान वाटला. पण भिंतीच्या वर दादूचं जुनं तपकिरी शीड ताणलेलं होतं, आणि डोंगर तेवढा दिसत होता, खाच नव्हती. खाच पार झाकली गेली होती.

"बघितलंस?" मागच्या होडीतून नामदेवाची आरोळी आली. "आता बोल!"

चंद्रकांता स्वतःच्या डोळ्यांनी बघत होती, आणि शब्द तिनंच दिला होता. चंद्रभाननं तिच्याकडे बघायचं टाळलं. ठरल्याप्रमाणे त्यानं बावटा हलवला, म्हणजे किनाऱ्यावरच्या पोरांनी शीड उतरवायचं आणि नेहमीची भिंत, नेहमीची खाच धरून होड्यांनी आत यायचं. शीड हळूहळू खाली आलं. खाच पुन्हा दिसली, मागे नुसते बांबू उरले. बांधायच्या आधीच माडी पाडली जावी तसं तिला झालं. लाडकीनं तिचा हात धरला.

ओहोटी लागली होती. होड्या वळल्या. चंद्रभाननं भिंतीचं टोक बरोब्बर खाचेत बसवलं.

आणि तेवढ्यात घरावर काहीतरी हललं.

बांबूच्या सांगाड्यावर कप्पी टांगलेली होती. तिच्यावरून दोर ओढत होते आणि दोराला लोंबकळत एक जाळं वर चढत होतं. बर्फाची लादी चढवतात तसं, झोके खात. जाळ्यात काहीतरी जड होतं. ते वर सांगाड्यावरच्या फळीशी थांबलं, दोन पोरांनी आत ओढलं, आणि जाळ्यातून एक माणूस बाहेर पडून फळीवर बसला.

"कोन गो तो?" लाडकी म्हणाली.

त्या माणसानं डोक्याचा लाल रुमाल सोडून हातात घेतला.

"अरे माझ्या देवा," चंद्रकांता उभीच राहिली, होडी डुलली, "तो आपला मानूस हाय! प्रताप, मेल्या, बापाला जाळ्यात घातलास! अवं, पडाल! खाली उतरा!"

तिचा आवाज बोईसरच्या बाजारात कितीही चालो, इतक्या लांब पोचणं शक्य नव्हतं. आणि दादू तिच्याकडे बघतही नव्हता. तो पाण्याकडे बघत होता. मग त्याचे दोन्ही हात वर गेले आणि लाल रुमाल उजवीकडे झुकला. पुन्हा उजवीकडे. पुन्हा.

"उजवीकडं जा म्हनतो," चंद्रकांता म्हणाली.

"उजवीकडं कशाला?" चंद्रभान म्हणाला. "टोक खाचेत हाय. भिंत सरळ सांगते."

"भिंतीला डोळे हायत काय? तो वरून पानी बघतो!"

चंद्रभाननं एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा रुमालाकडे. गावकीचा पाटील होता तो. पण त्याआधी कितीतरी वर्षं त्या दोन हातांकडे बघून त्यानं जाळं टाकलं होतं, दोर सोडला होता, नांगर उचलला होता. पाटील विचार करत राहिला आणि खलाशाच्या हातांनी सुकाणू वळवलं. होडी उजवीकडे झुकली. मागून नामदेव खदाखदा हसला.

"काय रे पाटला! बाईचं ऐकून भिंत सोडलीस? हा बघ, असं यायचं असतं!"

त्याची होडी सरळ आली, अगदी सरळ, टोक खाचेत, एक बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. आणि घर्रर्र असा आवाज झाला. होडी जागच्या जागी थांबली, पुढचे दोघे पालथे झाले, इंजिन धापा टाकून बंद पडलं. होडी एका बाजूला कलली. सगळी गावकी वाळूवर बसली होती.

लागलं कोणालाच नाही. फक्त पाणी उतरत होतं. आत्ता ओढून काढलं नाही तर संध्याकाळच्या भरतीपर्यंत गावकीला तिथेच बसावं लागणार होतं, किनाऱ्यावरच्या समस्त बायकापोरांच्या डोळ्यांदेखत. किनाऱ्यावरून हसण्याचा आवाज यायलाही लागला होता.

"दोर टाक!" नामदेव ओरडला.

चंद्रभानच्या खलाशानं दोराचं वेटोळं उचललं. चंद्रकांतानं ते त्याच्या हातातून घेतलं, खाली ठेवलं आणि त्यावर बसली.

"वयनी, दोर दे," चंद्रभान म्हणाला.

"देते. आधी गावकी बसवा."

"इथं?"

"सगळी गावकी त्या होडीत बसलेलीच हाय. पाटील या होडीत. अजून कोन पायजे?" मग ती नामदेवाकडे वळली आणि आता मात्र तिचा आवाज बाजारातल्यासारखा लागला. "ती खाच धरूनच वाळूवर बसलात न? आधी होकार, मग दोर!"

लाडकी इतकी हसली की भीती विसरून गेली. चंद्रभाननं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

"आगो, हा काय न्याव झाला?" नामदेव म्हणाला. "वाळू सरकली त्यात माझी काय चूक?"

"सरकली? कवा सरकली?" चंद्रभाननं विचारलं.

कललेल्या होडीत एक म्हातारा काठ धरून बसला होता. तो खाली बघत म्हणाला, "माझी होडी गेल्या साली दोनदा इथंच घासली. बोललो नाय. म्हटलं लोक म्हनतील, म्हाताऱ्याला आता भिंतपन दिसत नाय."

"माझीपन घासली," दुसरा म्हणाला. "फळी बदलली गुपचूप."

"माझीपन."

हळूहळू सगळी होडी बोलायला लागली. वाळूची पट्टी दोन पावसाळ्यांत सरकत सरकत भिंतीच्या वाटेत आली होती. भरतीला कळायचं नाही. उशीर झाला, पाणी उतरलं की घासायचं. पण होडी घासली असं कबूल करणं म्हणजे आपल्याला सुकाणू धरता येत नाही असं कबूल करणं. म्हणून प्रत्येकानं आपापली फळी गुपचूप बदलली, प्रत्येकाला वाटलं आपलेच डोळे गेले, आणि दसऱ्याआधी प्रत्येकजण जरा जास्त चुना घेऊन आला. जेवढ्या होड्या घासल्या तेवढी भिंत पांढरी होत गेली!

"नामदेवा, तुझी?" चंद्रभाननं विचारलं.

नामदेवानं डोकं खाजवलं. "पावसाआधी... एकदा." मग तोच हसायला लागला. "बरं, तीनदा! घ्या, द्या तिला होकार, काय पायजे ते बांधू दे! पर माझी एक अट हाय!"

"बोल!"

"खिडकी मोठी पायजे. आनि दादू तिथं रोज बसला पायजे!"

"अट कबूल!" चंद्रकांता ओरडली, आणि हे मात्र किनाऱ्यापर्यंत पोचलं. ती उठली. दोर गेला. इंजिन गुरगुरलं, दोर ताणला, आणि गावकी वाळूवरून सुटली.

खाडीच्या तोंडातून आत येताना चंद्रकांतानं वर बघितलं. दादू अजून फळीवर होता, रुमाल हातात. आता तो पाणी बघत नव्हता, ही होडी बघत होता. लग्न झाल्यापासून ती किनाऱ्यावर उभी राहून त्याची वाट बघत आली होती. तुफानात, धुक्यात, पोरं कडेवर घेऊन. आज ती होडीत होती आणि तो काठावरून डोळे लावून बसला होता. तिला हसू यायला लागलं आणि मधेच कधी रडू आलं ते कळलंच नाही. "वारा लागतो डोळ्याला," ती लाडकीला म्हणाली. लाडकीचेही डोळे भरले होते. तिलाही वाराच लागत होता.

किनाऱ्यावर उतरल्यावर ती तडक घरी गेली. दादूला जाळ्यातून खाली उतरवलं होतं आणि तो जोत्यावर बसून चार पोरांना एकदम काहीतरी समजावत होता.

"पडला असता म्हंजे?" ती कडाडली.

"खाली पडून तरी काय करत होतो?" दादू म्हणाला. मग पोरांकडे वळून त्यानं आपलं बोलणं पुढे चालू केलं.

माडी शिमग्याआधी उभी राहिली. सरपंचांनी शिक्का आठवडाभरात दिला होता. भिंतीत खिडकी पाडायची पहिली पहार नामदेवानं मारली, आणि मारण्याआधी भिंतीच्या पाया पडला. तरण्या पोरांपैकी कोणी म्हणालं, आता वाळूप्रमाणे भिंतीचं टोकच थोडं सरकवू या, म्हणजे झालं. दादू म्हणाला, "वाळू परत हलंल. भिंत किती वेळा सरकवशील? मानूस बसव खिडकीत." मग गावातले दोन म्हातारेही दादूच्या सोबतीला वर येऊन बसायला लागले, आणि चंद्रकांताच्या घरी साखर पुरेनाशी झाली. पुढच्या दसऱ्याला गावानं भिंत रंगवली तेव्हा हिरव्या खिडकीच्या कडेकडेनं चुना इतक्या जपून लावला की चौकटीवर एक शिंतोडा उडाला नाही.

चंद्रकांता अजूनही बोईसरला पाटी घेऊन जायची आणि भांडून मासे विकायची. संध्याकाळी एस.टी.तून उतरली की पाटी ओट्यावर ठेवायची आणि हात न धुताच जिना चढायची. आता प्रश्न ती विचारायची.

"कोन कोन आलं?"

दादू खिडकीतून नजर न काढता सांगायचा. "चंद्रभान आला. नामदेव आला, घासला नाय. म्हातारा उशिरा आला, उजवीकडून घेतला त्याला. प्रताप आत्ताच शिरला."

"मग? सगळी आली?"

तेव्हा तो खिडकीतून मान वळवून तिच्याकडे बघायचा.

"आता आली," तो म्हणायचा.